पिशवीच्या जागी पानाचा डबा

आमच्या घरी फटफटी होती असं सांगितलं की आजची मुलं माझ्याकडे कौतुकाने बघतात. त्यांना वाटतं, आजीचं बालपण मोठं मजेत गेलं असेल. मजेत गेलंही, ते कुठे मोडलं तेच इथे लिहायचं आहे. त्या काळी आमचं वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेलं होतं. अमरावतीत अंबागेटच्या आत आमचं घर होतं, पुढच्या खोलीत बाबांचा दवाखाना आणि माडीवर माझ्या मोठ्या काकांची, तात्यांची, वकिलीची बैठक. फटफटी बाबांनी कापसाच्या एका जिनातल्या साहेबाकडून घेतली. साहेब विलायतेला परत चालला होता आणि त्याला ती नेता येत नव्हती. तिला बाजूला एक डबा जोडलेला होता, साइडकार. बाबा खेड्यांवर रोगी बघायला जात तेव्हा त्या डब्यात औषधांची बॅग मांडीवर घेऊन मी बसे. भावंडांत आम्ही दोघी बहिणीच. सुमाताईला त्या आवाजाने मळमळायचं, म्हणून ती जागा आपोआप माझी झाली.

मागच्या चाकावर पत्र्याची एक पेटी बसवलेली होती आणि पेटीत एक खाकी पिशवी. टायर काढायच्या लोखंडी पट्ट्या, रबराचे तुकडे, सोल्युशनची नळी, काचपेपर, हवा भरायचा पंप आणि शंखजिऱ्यात घोळवून घडी घातलेली एक जादा ट्यूब. आमच्या भागातले रस्ते ज्यांनी तेव्हा पाहिले नाहीत त्यांना या पिशवीचं मोल कळायचं नाही. दोन्ही कडांना बाभळी, आणि कापसाच्या हंगामात बाजाराकडे जाणाऱ्या गाड्यांची न संपणारी रांग. बैलांच्या नालांचे खिळे गळून धुळीत पडलेले असत. अचलपूरला जाऊन यायचं म्हटलं तरी एकदा चाक बसणार हे धरूनच चालायचं. बाबांना जवळचं नीट दिसत नसे, म्हणून ट्यूबमधलं भोक शोधायचं काम माझ्याकडे आलं. मग घासायचं, मग चिकटवायचं, आणि असं करत करत सगळंच माझ्याकडे आलं. रस्त्याकडेला मी चाक उघडून बसले की गावची माणसं भोवती गोळा होत. "पाह्य पाह्य, डाक्टरची पोरगी चाक खोलून राहिली!" असं म्हणत बायका हसत, पण त्यांतलीच एखादी घरात जाऊन ताकाचा गडू घेऊन येई. त्या ताकाची चव, बोटांना येणारा सोल्युशनचा उग्र वास, आणि हवा भरताना बाबांचं "हं, अजून, अजून" हे माझ्या पंधरा-सोळा वर्षांच्या वयातलं सगळ्यांत मोठं सुख होतं.

तात्यांना ते बघवत नसे. तात्या पुण्याला शिकून आले होते आणि घरात कुणी 'मले-तुले' बोललं की त्यांचं कपाळ आक्रसायचं. जेवताना आई काकूला हळूच "वाढून राहिली न मी" म्हणाली तरी पलीकडून आवाज यायचा, "वाढते आहे म्हणावं." आई पदर पुढे ओढून गप्प व्हायची, थोरल्या दिरासमोर ती कधी बोललीच नाही. घरात सकाळी पहिला आवाज यायचा तो तात्यांच्या अडकित्त्याचा. कट्, कट्, कट्. सुपारी कातरल्याशिवाय त्यांचा दिवस उजाडत नसे. मग चूळ, मग खाकरणं, मग "चहा कुठे आहे?" त्यांच्या आवडीनिवडीवर आमची चूल चाले. पाटवडीचा रस्सा बाकीच्यांना झणझणीत हवा असला तरी त्यांच्यापुरता वेगळा, बिनतिखटाचा. गोळाभातावर फोडणीचं तेल आधी त्यांच्या पानात. उन्हाळ्यात वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारायचं ते माडीवर. खाली स्वयंपाकघरात आई आणि काकू घामाने निथळत असत. हे सगळं आम्हाला तेव्हा वावगं वाटत नव्हतं, याचाच मला आज संताप येतो.

सुमाताईचं लग्न बाळापूरच्या एका भिक्षुकी करणाऱ्या घरात तात्यांनी ठरवलं. बाबांना ते फारसं पसंत नव्हतं, पण "दादा म्हणतात तर" हे बाबांचं उत्तर सगळ्याच गोष्टींना असे. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, बारीक अंगाची, आणि रागावली की तिच्या तोंडून चोख वऱ्हाडी निघायची. तिला दिवस गेले तेव्हा पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं म्हणून आईने डिंक, खारका, सगळं आणून ठेवलं होतं. सासूने पाठवलं नाही. कुरड्या-पापडांचे दिवस, घरात दुसरं करणारं कोण, असा निरोप आला. बाबा माडीवर गेले, तात्यांनी व्याह्यांना चार शब्द सांगावेत म्हणून. खाली येताना त्यांचा चेहरा मी पाहिला. "दादा म्हणतात, ती त्यांच्या घरची सून आहे," एवढंच ते आईला म्हणाले. आईने खारकांचा डबा परत फडताळात ठेवला.

आणि मग वैशाखात एका सकाळी तार आली. ताई अडली होती.

बाळापूरच्या दवाखान्यातले डॉक्टर रजेवर होते. अकोल्याला एक मडम डॉक्टरीण होती, पण तार घेऊन आलेल्या शिपायापाठोपाठच ताईच्या सासरचा एक नातलग सकाळच्या गाडीने येऊन पोचला होता आणि त्याने तिकडचं सगळं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या होत्या, परक्या पुरुषाचा हात लागू देणार नाही आणि त्या मडमेला उंबऱ्याच्या आत घेणार नाही. मुलीचा बापच डॉक्टर आहे, तो आला तर बघू. मूल आडवं आहे असं सुईण म्हणत होती. अकोल्याकडची आगगाडी निघून गेलेली होती, पुढची संध्याकाळी. बाबांनी बॅग भरली आणि फटफटी बाहेर काढली. मी डब्यात जाऊन बसले. आईने एका फडक्यात भाकरी आणि कांदा बांधून माझ्या हातात दिला.

बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. ऊन चढत होतं. बाबांनी फटफटी एवढ्या जोरात हाकलेली मी कधी पाहिली नव्हती. दुपारच्या आत बाळापूर गाठायचं, असं ते मध्येच ओरडून सांगत आणि वाऱ्यात त्यांचा आवाज फाटत असे. बोरगावच्या अलीकडे कुठेतरी मागचं चाक डगमगलं. बाबांनी थांबवलं. मी उडी मारून खाली उतरले. मला भीती वाटली नाही, कारण हे काम मला येत होतं, हात सवयीने पेटीकडे गेले. पेटी उघडली आणि आत तात्यांचा पानाचा डबा होता.

पितळेचा, पॉलिश केलेला, आणि पांढऱ्या पंच्यात नीट गुंडाळलेला. खाकी पिशवी नव्हती. पट्ट्या, पंप, ट्यूब, काहीच नव्हतं. मी पेटीत हात घालून कोपरे चाचपले, जणू एवढी मोठी पिशवी कोपऱ्यात लपून बसणार होती. मग मला आदला दिवस आठवला. बाबांनी तात्यांना एका अशिलाकडच्या मुंजीला फटफटीवरून नेऊन आणलं होतं आणि तात्या निघताना कुरकुरत होते की त्या घाणेरड्या पिशवीने पेटीत ठेवलेल्या वस्तूला काळं लागतं. पिशवी काढून त्यांनी माळ्यावर टाकली होती, तिथेच ती नंतर सापडली, आणि ते कुणालाही सांगितलं नव्हतं. परत ठेवायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. डबा आणि पंचासुद्धा ते विसरून गेले होते.

बाबा तो डबा हातात घेऊन नुसते उभे राहिले. त्या रस्त्यावर त्या वेळी चिटपाखरू नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, अडकित्ता असेल आत." होता. त्याचे दोन्ही दांडे मी टायरच्या कडेखाली खुपसले आणि त्यावर पाय देऊन उभी राहिले. बोटं सोलली. टायरची एक बाजू निघाली तेव्हा अडकित्त्याचा एक दांडा मोडून धुळीत पडला. जवळच्या शेताच्या धुऱ्यावर कडब्याची गंजी होती. कडबा पिळून पिळून आम्ही टायरमध्ये ठासला, वर तो पांढरा पंचा फाडून कोंबला, आणि टायर परत बसवताना बाबांनी दगडाने हाणून हाणून तो आत घातला. फटफटी चालायला लागली. पायी चालणारा माणूसही आमच्या पुढे गेला असता. थोडं गेलं की कडब्याचा भुगा व्हायचा, परत उतरायचं, परत ठासायचं. शेवटी टायरच फाटला. एका गाडीवानाने आमची फटफटी दोराने बैलगाडीमागे बांधली. बैलांच्या घुंगरांचा तो संथ आवाज मला अजून सहन होत नाही. अकोल्याला पोचून एका ओळखीच्या माणसाची मोटार मिळेपर्यंत उन्हं कलली होती, आणि बाळापूरच्या किल्ल्याखालून आत शिरलो तेव्हा घराघरांत दिवे लागत होते.

मुलगा होता. गेलेला होता. बाबांनी ताईला वाचवलं; कसं वाचवलं ते मी लिहिणार नाही, मी दारात कंदील धरून उभी होते. सासूबाई तुळशीपाशी बसून म्हणत होत्या, "जिच्या कुशीतच दोष तिथे कोण काय करणार!" बाबा बाहेर आले आणि हात धुताना मला म्हणाले, "दुपारी पोचलो असतो तर दोघं वाचली असती, इंदे." मग हात पुसत, "आता तिला पुन्हा मूल होणार नाही." घरी आल्यावर हीच दोन वाक्यं त्यांनी आईला सांगितली. तात्या माडीवरून खाली आले. मला वाटलं, आता ते काहीतरी म्हणतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, "हरी हरी" म्हणाले, "ज्याचं त्याचं प्राक्तन" म्हणाले, आणि मग विचारलं, "माझा पानाचा डबा त्या पेटीत राहिला होता, तो आणला ना?"

बाबांनी डबा आणून दिला. आतला मोडका अडकित्ता बघून तात्या म्हणाले, "हे काय केलंत?"

मी बाबांकडे बघत होते. ते एक शब्द बोलतील, फक्त एक, म्हणून मी वाट बघत होते. ते म्हणाले, "दुसरा आणून देतो, दादा."

त्या दिवसापासून मी बाबांशी बोलणं सोडलं. लागेल तेवढं, हो-नाही, एवढंच. लोक म्हणतात, तात्यांच्या हातून चुकून झालेल्या गोष्टीचा एवढा राग धरू नये. मी पुष्कळ विचार केला आहे यावर, आयुष्यभर केला आहे. पिशवी काढणं ही चूक असेल. डब्याची चौकशी ही चूक नव्हती.

वर्षभरात ताईच्या नवऱ्याचं दुसरं लग्न ठरलं. वंश चालायला हवा, असं तिकडून कळवलं. तेव्हा कायद्याने त्यात आडकाठी नव्हती, आणि तात्यांनी तर शास्त्राचे आधार काढून बाबांना समजावलं की यात गैर काही नाही, उलट सुमतीला घरात ठेवून घेताहेत हा त्यांचा मोठेपणा आहे. तात्या त्या लग्नाला गेले. पागोटं बांधून गेले आणि आहेराचा शेला घेऊन परत आले. आईने तो शेला हातात घेतला नाही. काकूने तो घडी करून ट्रंकेत ठेवला आणि तिथेच ट्रंकेपाशी बसून रडली.

ताई नागपंचमीला माहेरी आली. हातात एक वळकटी, अंगावरचं लुगडं विटलेलं. ती पूर्वीसारखी रागावत नव्हती, म्हणून मला तिची भीती वाटायला लागली. म्हणायची, "माह्या कुशीतच खोट हाये, इंदे. त्याले कोन काय करन?" दिवसभर ती हे ना ते काम काढून करत राही, कुणी सांगितलेलं नसताना, जणू ती या घरातही पाहुणी म्हणून राहायला घाबरत होती. आईने मला आधीच शपथ घातली होती की त्या पिशवीचं ताईला सांगायचं नाही; कशाला तिच्या जखमेवर मीठ. काकू तेच म्हणाली. बाबांचा चेहराही तेच सांगत होता. घरातल्या सगळ्या शहाण्या माणसांनी मिळून ठरवलं होतं की तात्यांची अब्रू ताईच्या कुशीखाली झाकून ठेवायची.

मी शपथ मोडली. विहिरीवर धुणं धूत होतो तिथे मी तिला सगळं सांगितलं, पेटी, डबा, पंचा, कडबा, बैलगाडी, एकेक. ती ऐकत होती आणि हातातलं धोतर आपटत होती. मी बोलायची थांबले तरी ती आपटतच राहिली. मग म्हणाली, "म्हंजे दोष माह्यात नव्हता?"

"नव्हता, ताई."

"मंग मले कोनी सांगतलं काहून नाही?"

तिने धोतर तसंच दगडावर टाकलं आणि ओल्या लुगड्यानिशी घरात गेली. पुरुषांची पंगत बसली होती. तात्या, बाबा, आणि तात्यांचे दोन वकील मित्र. पुरणाचे दिंड वाढून झाले होते, आई तुपाची वाटी घेऊन उभी होती. ताई थेट तात्यांच्या पानासमोर जाऊन उभी राहिली. पाण्याचे थेंब तिच्या पदरातून पाटाभोवतीच्या रांगोळीवर पडत होते.

"तात्या," ती म्हणाली, "तुमच्या डब्याले काळं लागलं असतं, एवढंच न?"

तात्यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते पाहुण्यांकडे बघून हसले. म्हणाले, "सुमती, हे काय बोलणं? आणि कुठल्या भाषेत?"

"ह्याच भाषेत बोलीन. माह्यं लेकरू गेलं. माह्यं घर गेलं. तुमी त्याच घरी जाऊन लाडू खाऊन आले. एक डाव मले सांगाचं होतं, पोरी, तुह्यात खोट नाही, माह्या हातून झालं. मी तुमच्या पाया पडली असती, तात्या. तुमी डबा मांगतला!"

तिचा आवाज चढलेला नव्हता. त्यामुळे प्रत्येक शब्द त्या वकिलांना ऐकू गेला. एकाने घास खाली ठेवला. तात्यांचा चेहरा लाल झाला, आणि ते ताईशी नाही, बाबांशी बोलले. "तुझ्या मुलीला आवर," ते म्हणाले. "नाहीतर या घरात एक ती राहील नाहीतर मी."

बाबांनी मान वर केली. मी दाराशी उभी होते, मला त्यांचे हात दिसत होते, पानावर तसेच थिजलेले. ते म्हणाले, "पोरगी खरं बोलून राहिली, दादा." इतक्या वर्षांत तात्यांच्या समोर त्यांनी वऱ्हाडी शब्द उच्चारला नव्हता. मग ते म्हणाले, "पोरगी इथंच राहील." आणि आई, जिने कधी दिरासमोर तोंड उघडलं नाही, ती तुपाची वाटी घेऊन तात्यांच्या पानावरून तशीच पुढे गेली आणि शेवटच्या पाहुण्याला तूप वाढलं.

तात्या पानावरून उठले. त्या दिवाळीच्या आत ते काकूला घेऊन दुसऱ्या घरात राहायला गेले, आणि गावात सांगत राहिले की धाकट्या भावाने वाटणीसाठी त्यांना बाहेर काढलं. ताई बाळापूरला परत गेली नाही. नवरा एकदा न्यायला आला होता, नवीन बायको माहेरी गेली होती आणि सोवळ्याच्या स्वयंपाकाला कुणी नव्हतं म्हणून. ताईने त्याला पाणी दिलं आणि परतीच्या गाडीची वेळ सांगितली. पुढे ती अकोल्याला मुलींच्या शाळेत शिकवायला लागली आणि चांगली कडक मास्तरीण म्हणून तिचं नाव झालं.

त्या पंगतीच्या संध्याकाळी बाबा अंगणात माझ्याजवळ आले. फटफटी पुसायचं फडकं त्यांच्या हातात होतं, ते उगाचच त्याची घडी घालत आणि मोडत होते. "आता तरी बोलशील ना माझ्याशी?" त्यांनी विचारलं. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला एकच दिसत होतं, की पंगतीतलं ते वाक्य त्यांना येत होतं. पहिल्या दिवशीही येत होतं. ताई वर्षभर स्वतःच्या कुशीला शिव्या घालत होती तेव्हाही ते त्यांच्याजवळ होतं. मी म्हटलं, "बोलीन." आणि बोललेही, ते जाईपर्यंत बोलत होते, त्यांचं सगळं केलं. पण पूर्वीसारखं नाही. त्यांना ते कळत होतं आणि त्यांनी कधी तक्रार केली नाही. न बोलण्याची त्यांना सवय होती.

आता तात्यांच्या नातवाच्या दिवाणखान्यात त्यांचा मोठा फोटो आहे, पागोटं घातलेला, चंदनाच्या चौकटीत. गावात त्यांच्या विद्वत्तेची अजून आठवण काढतात. पितृपक्षात सगळे जमतात, मलाही मानाने नेतात, आणि एकेकाने पुढे होऊन फुलं वाहायची असतात. परवा मी माझ्या खुर्चीतून उठले नाही तेव्हा नातसून ताटली घेऊन माझ्याजवळ आली. नवीनच आहे, गोड आहे पोरगी. वाकून हळूच म्हणाली, "आजी, फुलं संपली का? अजून आणू?"

मी म्हटलं, "फुलं पुष्कळ आहेत, बाई."